रेशनकार्डातली लेक

मीराबाईला किळस फार. नाचणगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणी चहात बिस्कीट बुडवून अर्धं आत पाडलं तरी तिचं तोंड वाकडं होतं. मेथीच्या जुडीत एक पिवळं पान दिसलं की ती अख्खी जुडी सोडते आणि पुन्हा बांधते. पुलगावच्या बाजारात चाळीस वर्षं बोरा, म्हणजे गोणपाट, टाकून बसते ती. वांगी, पालक, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हंगाम असला तर चवळीच्या शेंगा. शेजारच्या बाया वर टवटवीत आणि खाली सडकी अशी टोपली लावतात, त्यांच्याकडे बघून ही थुंकते. खरंच थुंकते. "खायच्या वस्तूत लबाडी करनाऱ्याच्या तोंडात किडे पडन," असं गिऱ्हाइकासमोर म्हणते, आणि मग त्या बाया दिवसभर तिच्याशी बोलत नाहीत. तिचं त्यावाचून काही अडत नाही.

वय साठीच्या पुढं. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली, पोटी लेकरू नाही, गावाबाहेर विहिरीखालचं दीड एकराचं भाजीचं वावर. तोंड फाटकं, पण हात स्वच्छ. कोणाचं पाच पैशाचं खाल्लं नाही, हे ती स्वतःच इतक्यांदा सांगायची की लोकांना त्याचाही कंटाळा आला होता. तरी कोणाची 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती, कारण ते खरं होतं.

अशा बाईवर चोरीचा कागद कसा लागला, ते ऐका.

समोरच्या घरात उज्वला राहते. तिचा नवरा स्वप्निल हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा, गरीब गायीसारखा माणूस. या उज्वलाची पहिली दोन लेकरं बारशाआधीच गेली. तिसऱ्या वेळेस दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूनं सांगितलं, "हे लेकरू विकून टाका." आता हे ऐकून शहरातला माणूस नाक मुरडेल. मुरडू दे बापडा. इकडची ही जुनी रीत आहे. जिची लेकरं वाचत नाहीत तिनं पुढचं लेकरू जन्मताच दुसऱ्या घरी विकायचं. लेकरू राहतं आईजवळच, दूधही तीच पाजते, पण लेकरू म्हणायचं दुसऱ्याचं. सटवी न्यायला आलीच तर सांगायचं, बाई, घर चुकलीस, आमच्यात कोणाचं लेकरूच नाही.

मीराबाईनं पायलीभर ज्वारी नेऊन उज्वलाच्या पदरात ओतली आणि पोरगी विकत घेतली. नियम दोनच. आईबापाच्या घरच्या कोणत्या यादीत पोरीचं नाव लिहायचं नाही, आणि लग्न होईस्तोवर पोरीला हा सौदा सांगायचा नाही. सांगितला की मोडला. गावानं हे पाळलं. नाचणगाव इतर बाबतीत एकमेकांची धुणी चव्हाट्यावर धुतं, पण सटवीच्या भानगडीत कोणी तोंड उघडत नाही.

पोरगी जगली. नाव ठेवलं ईरा. वर्षाची झाल्यावर रेशनकार्डात नाव चढवायची वेळ आली, तेव्हा उज्वलाला घाम फुटला. तिच्या मते रेशनकार्ड ही घरातली पहिली यादी, सटवी आधी तीच बघणार. मीराबाई म्हणाली, "माह्या कारडात टाका. इकत घेतली म्हंजे माहीच हाये ना." कार्डाच्या ऑफिसातल्या तेव्हाच्या माणसानं कम्प्युटरमध्ये बटणं दाबली आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी' असं टाकलं. मीराबाईचा नवरा मरून अठरा वर्षं झालेली, आणि सरकारच्या लेखी तिला लेक झाली. एकाही शहाण्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कार्डात दुसरं माणूस आलं म्हणून महिन्याला पाच किलो धान्य जास्त मिळू लागलं. ते मीराबाई दुकानातच वेगळ्या थैलीत घ्यायची आणि घरी न नेता सरळ उज्वलाच्या डब्यात ओतायची. सात वर्षं. एकदा तापानं फणफणली होती, तरी आधी ती थैली पोचवली आणि मग अंथरूण धरलं. दुसऱ्याच्या तोंडचा दाणा आपल्या घरात एक रात्रही नको, असा तिचा खाक्या. आणि पोरीवर जीव म्हणाल तर विचारू नका. ईरा शाळेतून आली की आधी मीरामायच्या घरात शिरायची, मग आपल्या.

ईरा तिसरीत गेली त्या वर्षी शाळेत तपासणीची गाडी आली. बाकीच्या पोट्ट्यांचे दात-डोळे बघून डॉक्टरीणबाई पटापट पुढं सरकत होत्या. ईराच्या छातीला नळी लावली आणि तिथंच थांबल्या. मग वर्ध्याला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. काळजाच्या पडद्याला भोक आहे, असं निघालं. पोरगी दोन पायऱ्या चढली की बसायची, ते अंगातला आळस म्हणून उज्वला तिला रागवायची. ते आठवून ती दवाखान्याच्या जिन्यात रडत बसली.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, ऑपरेशन केलं की पोरगी धावेल, पण थांबू नका, फुप्फुसावर ताण येतो आहे. खर्चाचा आकडा ऐकून स्वप्निल पांढराफटक पडला. तेव्हा खिडकीत बसलेल्या आरोग्यमित्र पोरीनं सांगितलं, घाबरू नका, सरकारच्या आरोग्य विम्यात हे सगळं बसतं, एक रुपया लागणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. मग तिनं कम्प्युटरमध्ये नाव टाकलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मुलगी तुमच्या कार्डात नाहीच," ती उज्वलाला म्हणाली. "ही मीराबाई कोण?"

"मी," मीराबाई मागून म्हणाली.

त्या पोरीनं समजावून सांगितलं, तिचा काही दोष नव्हता. कार्ड म्हणतं लेक मीराबाईची, आधार म्हणतं लेक स्वप्निलची, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करणार उज्वला. असं प्रकरण वर गेलं की नामंजूर होऊन परत येतं, मग सगळा खर्च आईबापाच्या अंगावर. तारखेच्या आत पोरीचं नाव आईबापाच्या कार्डात आणा. तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी.

घरी आल्यावर उज्वलानं हात जोडले. "नाव माह्या घरात नाई लिहाचं, मावशी. दुसरं काई सांग."

"सटवी मोठी का डॉक्टर मोठा?"

"दोन नेले तिनं. डॉक्टरनं कोणते वाचवले?"

मीराबाईनं मेथीची जुडी सोडून निवडायला घेतली. मग म्हणाली, "अवं, नाव फक्त तुह्या कारडात जाईन. पोट्टी माहीच राहीन. मी का ज्वारी वापस मांगितली? सौदा मोडला नाई त सटवी कशाले येते? आली त माह्याच दारात येईन, मी पाहून घेईन तिले." उज्वलाला तेवढ्यानं धीर आला. लेकरू मीराबाईचंच आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती तयार झाली.

आता ते ऑफिस. त्याचं नाव घेऊन जीभ कशाला विटाळायची? जिथं कार्डातली नावं काढतात आणि चढवतात तिथं एक बाबू होता, एवढं पुरे. सरकारी काम अन् सहा महिने थांब, आणि इथं तर हातात तीन आठवडे. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला मीराबाई बाजारातून परस्पर गेली होती, हातात पिशवी होती. बाबूची नजर कागदांवर पडण्याआधी पिशवीवर पडली.

"वांगी का? गावरान दिसते."

त्यानं एक वांगं उचललं, अंगठ्यानं दाबलं, नाकाशी धरून वास घेतला आणि पिशवी टेबलाखाली सरकवली. अर्ज घेतला आणि शिक्का मारला. जाताना म्हणाला, "पुढच्या बारीले पालक आना."

मीराबाईला ओकारी यायची राहिली. पैसे मागितले असते तर तिला एवढं लागलं नसतं. पैसा कोणाच्याही हातून फिरून येतो, भाजी तिनं पेरलेली होती. घरी येऊन तिनं दोनदा हात धुतले. पुढच्या खेपेच्या सकाळी तिनं मुद्दाम किडकी वांगी वेचून पिशवीत भरली, वर पालकाच्या दोन जुड्या ठेवल्या आणि निघाली. वावराच्या फाटकापर्यंत गेली, उभी राहिली आणि परत फिरली. किडकी काढली, चांगली भरली. बाबूची दया आली असं समजू नका. आपल्या हातून खाली सडकी, वर टवटवीत अशी पिशवी लागली, याचीच तिला घाण वाटली. त्या दिवशी ती बाबूवर चिडली होती त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडली होती.

चौथ्या खेपेला बाबूनं पालक नीट बघून घेतला आणि मग खरी मेख मारली.

"मुलगी तुमची नाई, तर सात वर्षं तिच्या नावाचं धान्य काऊन उचललं? खुलासा लागन. प्रतिज्ञापत्र आना. त्याशिवाय नाव निघत नाई."

"धान्य तिच्याच घरी देल्लं मी. गावाले इचारा."

"गावाचा शिक्का असते का?" बाबू म्हणाला आणि दुसऱ्याचा कागद ओढला.

तारखेला आठ दिवस उरले होते.

गावात मुकेशचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पंचविशीतला पोरगा, बोलायला गोड. मीराबाईनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन लेकरं गेली, तिसरं विकत घेतलं, पायलीभर ज्वारी दिली, म्हणून नाव आपल्या कार्डात. मुकेशची बोटं टाइप करता करता थांबली.

"काकू, हे लिहू? लेकरू इकत घेतलं म्हनून?"

"खरं हाये थे."

"खरं असन. आपल्या गावाले समजते. पन तिथं वाचनारा बाहेरचा, तो सरळ पोलिसात फोन करन. तुमी आत, उज्वलावहिनी आत, अन् पोरगी बालगृहात. ऑपरेशन राह्यलं बाजूले."

मीराबाई खुर्चीवर बसली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. खरं सांगावं तर तुरुंग, गप्प बसावं तर पोरीचं काळीज.

"मंग काय लिहाचं?"

"त्याइले जे समजते थे. चोरी समजते त्याइले."

त्याच्याकडे नमुना तयारच होता. फक्त नावं भरायची. म्हणजे असे लिहून देणारे बरेच होऊन गेलेले. त्यानं कागद काढला आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला. दुकानात पाच जणं रांगेत उभी होती. "मी लिहून देते की, धान्याच्या लोभापायी मी सदर मुलीचे नाव माझ्या शिधापत्रिकेत खोटेपणाने लावले व तिच्या वाट्याचे धान्य उचलून खाल्ले. सदर मुलीशी माझे कोणतेही नाते नाही."

रांगेतल्या एकीनं पदर तोंडाला लावला. बाकीचे बाहेर बघू लागले.

मीराबाई चिडली नाही, हेच मुकेशला विचित्र वाटलं. एरवी हिनं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

"चोर लिहिलं थे राहू दे," ती म्हणाली. "थे खालचं काढता येते का? नातं नाई, थे."

"थेच त पाह्यजे त्याइले, काकू. त्याच्यावरच नाव निघते."

उज्वलाला काय सांगितलं होतं तिनं? नाव जाईल, लेकरू माझंच राहील. आता स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की ते माझं कोणी नाही. मीराबाई काही भोळीभाबडी नव्हती, पण सटवीला ती मानायची, आणि सही केलेल्या कागदालाही. ती पाच मिनिटं पेन धरून बसली. मुकेशनं मागच्यांना थांबवून धरलं, एवढं त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. मग तिनं सही केली, 'मीराबाई' हे चार अक्षरांचं नाव, सावकाश, आणि उठून कोणाकडे न बघता घरी गेली. कागदातलं शेवटचं वाक्य तिनं उज्वलाला सांगितलं नाही. तिच्या अख्ख्या जन्मातली ही पहिली लपवाछपवी, आणि ती सरकारनं करवून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्याशाकडूनच फाशीचा अर्ज लिहून घेतला.

बाबूनं कागद वाचला. चष्मा वर केला आणि हसला.

"पाहा बाई, खरं लिहिलं की काम कसं पटकन होते."

मीराबाईच्या मनात त्या टेबलावर, त्या शिक्क्यावर, त्या चष्म्यावर थुंकायचं होतं, आणि देवाशप्पथ सांगतो, तिनं थुंकायला हवं होतं. पण तारखेला पाच दिवस राहिले होते. तिनं तोंडातलं गिळलं. माणसाला माणसाची एवढी घाण वाटू शकते, हे तिला चाळीस वर्षं बाजारात बसून कळलं नव्हतं. बाबूनं वर विचारलं, सांभार आहे का. होता. दिला.

दोन दिवसांत नाव उज्वलाच्या कार्डात चढलं. विम्याचा कागद मंजूर होऊन आला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि खरंच एक रुपया लागला नाही. हेही सांगितलं पाहिजे, कारण ते खरं आहे. पोरीची धाप गेली. आठवडाभरानं ती दवाखान्याच्या पोर्चमध्ये चालली, तेव्हा स्वप्निल भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडला.

नाचणगावात मात्र त्या पाच जणांचे पंधरा झाले आणि पंधरांचे पन्नास. ज्यांना सौदा ठाऊक होता त्यांनाही कागद मोठा वाटला. लिहून दिलं म्हणजे काहीतरी खाल्लंच असेल, असं बोलणं सुरू झालं. पुलगावच्या बाजारात शेजारची बाई सडकी वांगी खाली सारून वर चांगली मांडत होती. मीराबाईकडे बघून म्हणाली, "आता थुक ना वं." मीराबाईनं मान खाली घालून पालकावर पाणी शिंपडलं.

ईरा महिनाभर घरी होती. शाळा बंद, धावणं बंद, म्हणून दिसेल ते वाचायची. औषधाच्या खोक्यावरचं, कॅलेंडरमागचं, पापडाच्या पाकिटावरचं. एका दुपारी मीराबाई तिच्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होती आणि उज्वला चुलीपाशी होती. ईरानं दवाखान्याची फाइल उघडली. आरोग्यमित्र पोरीनं, विम्यासाठी जोडलेल्या ऑफिसातल्या कागदांच्या झेरॉक्ससकट, सगळे कागद नीट लावून परत दिले होते, एकही गहाळ न करता. ईरा एकेक अक्षर लावत वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"मीरामाय, हे तू लिहिलं?"

मीराबाईनं कागद ओळखला. "हो."

"नातं नाई म्हंजे काय? तू माही कोनी नाई?"

"थे ऑफिसातलं बोलनं हाये, बाई. तिथं तसंच लिहा लागते."

ईरानं पुन्हा कागदात डोकं घातलं. लोभापायी म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही, तो शब्द तिला समजला असावा. मान वर करून म्हणाली, "तू माह्या वाट्याचं धान्य खाल्लं?"

चुलीपाशी उज्वला उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात जोडले होते आणि मान हलवत होती, सांगू नको, सांगू नको. टाके अजून ओले होते. 'नाही' म्हटलं तर पोरगी पुढचं विचारणार, मग नाव तुझ्या कार्डात आलं कसं, आणि त्याचं एकच उत्तर होतं. मीराबाईनं मोसंबीची फोड पोरीच्या हातात दिली.

"खाल्लं," ती म्हणाली.

ईरानं कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

"मंग मांगाचं होतं ना," ती म्हणाली. "मी देल्लं असतं."